जिप्सम चोपण जमिनीत नेमके काय करते? – अणू, आयन आणि मातीचा कण



पावसाळ्यात चार बोटे पाणी आठवडाभर अंगावर घेऊन बसणारी, ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत लागणारी आणि वाळली की कुदळीलाही दाद न देणारी जमीन आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हीच चोपण जमीन. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, शिरोळ या भागांत तसेच नीरा, प्रवरा, मुळा यांच्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात अशा जमिनी आढळतात. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा तर सर्वांना ठाऊक आहे. अशा जमिनीत जिप्सम घालावे, ही शिफारस शेतकऱ्यांच्या कानावर वर्षानुवर्षे पडत आली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका शेतकऱ्याला अशीच शिफारस केली होती. दोन वर्षांनी शिवारफेरीत ते भेटले. म्हणाले, "सर, दोन वर्सं जिप्सम टाकलं. पैसं मातीत गेलं, जमीन हाय तशीच हाय. त्ये जिप्सम मातीत जाऊन करतं तरी काय, तेवढं सांगा." मी पुस्तकातले एक वाक्य सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे तर माझेही झाले नाही. चूक माझीच होती. मी जिप्समची मात्रा सांगितली, पण ते काय करते हे समजावून दिले नाही. ते समजले असते, तर शेताला निचरा नसताना जिप्सम टाकून उपयोग नाही हे त्यांच्या आपोआप लक्षात आले असते.

या प्रश्नाचे उत्तर अणूच्या अगदी बाहेरच्या थरात दडलेले आहे. सोडियमच्या बाहेरच्या थरात एक इलेक्ट्रॉन असतो, कॅल्शियमच्या बाहेरच्या थरात दोन. एवढ्या एका फरकावर आपल्या शेतात पाणी मुरणार की साचणार, हे अवलंबून असते. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

अणूची मांडणी

सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते व त्यात धनभार असलेले प्रोटॉन असतात. केंद्रकाभोवती ऋणभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. अणूत जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन, म्हणून जमेची व खर्चाची बाजू सारखी होऊन अणू भाररहित राहतो.

हे इलेक्ट्रॉन कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक अशा थरांत असतात. या थरांना कवच म्हणतात. पहिल्या कवचात २ आणि दुसऱ्यात ८ इलेक्ट्रॉन मावतात. आपल्याला येथे कॅल्शियमपर्यंतचीच मूलद्रव्ये पाहावयाची आहेत. त्यांच्यापुरते तिसऱ्या कवचातही ८ इलेक्ट्रॉन झाले की पुढचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो, असे धरून चालावे. सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. अणूची सारी देवघेव या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमार्फत होते. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या घट्ट पकडीत असल्याने ते या व्यवहारात पडत नाहीत.

शेतीत नेहमी भेटणाऱ्या काही मूलद्रव्यांची मांडणी पुढीलप्रमाणे आहे :

सोडियम – एकूण ११ – मांडणी २, ८, १ – बाहेर १
पोटॅशियम – एकूण १९ – मांडणी २, ८, ८, १ – बाहेर १
मॅग्नेशियम – एकूण १२ – मांडणी २, ८, २ – बाहेर २
कॅल्शियम – एकूण २० – मांडणी २, ८, ८, २ – बाहेर २
ॲल्युमिनियम – एकूण १३ – मांडणी २, ८, ३ – बाहेर ३
क्लोरीन – एकूण १७ – मांडणी २, ८, ७ – बाहेर ७

निऑन (२, ८) आणि अरगॉन (२, ८, ८) या वायूंच्या बाहेरच्या कवचात पूर्ण ८ इलेक्ट्रॉन असतात. हे वायू सहसा कोणाशीही संयोग पावत नाहीत. इतर अणू इलेक्ट्रॉन देऊन, घेऊन किंवा वाटून घेऊन हीच स्थिर मांडणी गाठतात, हा विचार जर्मनीचे वाल्थर कोसेल व अमेरिकेचे गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडला.

येथे एक गैरसमज टाळावा. अणूला मन नसते, त्यामुळे त्याला आठ इलेक्ट्रॉनांची हौस असते असे नाही. हा सारा ऊर्जेचा हिशेब आहे. सोडियमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे नऊपट ऊर्जा दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास लागते; कारण तो आतल्या, भरलेल्या कवचातला असतो. म्हणून सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो व तेथेच थांबतो. कॅल्शियमचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन त्या मानाने सहज निघतात, पण तिसऱ्यासाठी दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक ऊर्जा लागते. म्हणून कॅल्शियम दोन देऊन थांबतो. मातीत, पाण्यात किंवा खतात कोठेही गेलात तरी सोडियम एकच व कॅल्शियम दोनच इलेक्ट्रॉन दिलेल्या स्थितीत आढळतो, त्याचे कारण हे आहे.

आयन म्हणजे काय?

सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला की त्याच्याकडे ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन उरतात. म्हणजे एक धनभार शिल्लक राहतो. क्लोरीनच्या बाहेर ७ इलेक्ट्रॉन असतात. त्याने एक घेतला की ८ पूर्ण होतात व त्याच्यावर एक ऋणभार येतो. असा भार आलेल्या अणूला आयन म्हणतात. धनभार असेल तर धन आयन, ऋणभार असेल तर ऋण आयन. सोडियमचा धन आयन व क्लोरीनचा ऋण आयन एकमेकांना धरून राहतात, तेच आपले खाण्याचे मीठ. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या आयनांवर प्रत्येकी दोन धनभार असतात, तर ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन.

आयन हा मूळ अणूपेक्षा अगदी वेगळ्या गुणाचा असतो. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर तो पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू आहे. पण दोघांचे आयन आपण रोज भाजीत घालतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यातही पोटॅशियम धातू नसून त्याचे आयन असतात आणि पिकाची मुळे शोषून घेतात तेही आयनच.

काही आयन एकापेक्षा अधिक अणूंचे असतात. अमोनियम, नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट ही त्यांची उदाहरणे. यांतील अणूंनी आपसांत इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात व भार साऱ्या गटावर मिळून असतो. युरियात मात्र सर्व इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असल्याने त्याच्यावर भारच नसतो. त्यामुळे मातीचा कण त्याला फारसा धरून ठेवीत नाही. युरिया टाकून लगेच भरमसाट पाणी दिल्यास तो मुळांखाली वाहून जातो तो यामुळे. मातीतील युरिएज या विकराने त्याचे अमोनियम झाल्यावर मात्र तो धरला जातो.

आयन या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'जाणारा' असा आहे. १८३४ साली मायकेल फॅरेडे यांनी तो शास्त्रात आणला, कारण द्रावणातून वीज सोडली की हे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. माती परीक्षण अहवालात जी विद्युत वाहकता लिहिलेली असते ती याच गोष्टीचे माप होय. मातीच्या द्रावणात क्षारांचे आयन जितके जास्त, तितकी वीज अधिक वाहते व आकडा वाढतो.

मातीचा कण ऋणभारित का?

काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण पत्रावळींच्या चवडीसारखे असतात. अतिशय पातळ थर एकमेकांवर बसलेले. या थरांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांची ठरावीक जागी बांधणी असते. हे खनिज तयार होताना काही ठिकाणी तीन धनभारांच्या ॲल्युमिनियमच्या जागी दोन धनभारांचा मॅग्नेशियम बसलेला असतो. जागा तीच, पण एक धनभार कमी पडला. त्यामुळे तेथे एक ऋणभार कायमचा उघडा राहतो. अशा असंख्य जागा मिळून चिकणमातीचा कण ऋणभारित होतो. म्हणजे काळ्या मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकदही बाहेरच्या कवचातील तीन आणि दोन इलेक्ट्रॉनांच्या फरकातूनच आलेली आहे.

या ऋणभाराकडे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, अमोनियम असे धन आयन ओढले जातात. ते कायमचे चिकटत नाहीत. द्रावणात दुसरा धन आयन जास्त प्रमाणात आला की तो जागा घेतो व पहिला सुटतो. यालाच धन आयन विनिमय म्हणतात. नायट्रेटवर ऋणभार असल्याने त्याला मातीचा कण धरीत नाही आणि ते पाण्याबरोबर खाली जाते.

ही देवघेव प्रथम लक्षात आली ती शेतीच्याच कामात. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण गाळले. खाली अमोनियम सल्फेट येण्याऐवजी आले ते मुख्यतः कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम. मातीने अमोनियम ठेवून घेतले व बदल्यात कॅल्शियम दिले होते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. थॉमस वे यांनी यावर पद्धतशीर प्रयोग करून १८५० व १८५२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉनाचा शोध लागला तो त्यानंतर, १८९७ साली. मातीचा व्यवहार आधी दिसला, त्याचे कारण मागाहून कळले.

जमीन चोपण होते म्हणजे काय होते?

चांगल्या काळ्या जमिनीत मातीच्या कणांवर बहुतांशी कॅल्शियम असतो. दोन धनभार असल्याने तो कणाच्या पृष्ठभागालगत घट्ट ओढला जातो व कणाचा ऋणभार जवळच्या जवळ झाकतो. मग शेजारचे कण एकमेकांना दूर लोटीत नाहीत. ते जवळ येतात, त्यांचे रवाळ पुंजके बनतात आणि पुंजक्यांमधील मोकळ्या जागेतून पाणी व हवा खेळते.

कॅल्शियमच्या जागी सोडियम आला की चित्र पालटते. त्याच्यावर एकच धनभार असल्याने ओढ कमी. तो पाण्याचे वेष्टण घेऊन कणापासून अंतरावर पसरून राहतो. कणाचा ऋणभार नीट झाकला जात नाही. सारख्या भाराचे कण परस्परांना दूर लोटतात, पुंजके फुटतात आणि सुटे झालेले बारीक कण पाण्याबरोबर जाऊन मातीच्या छिद्रांत बुचासारखे बसतात. पाणी मुरणे थांबते, हवा कोंडते, मुळ्या गुदमरतात. वाळल्यावर हेच कण एकमेकांवर दाबून बसतात व वर टणक थर होतो. पिकाच्या दृष्टीने हा घात विषाने होत नाही, तर मातीची घडण मोडल्याने होतो.

कोणी विचारील, पोटॅशियमलाही एकच धनभार असतो, मग पोटॅश घातल्याने जमीन चोपण का होत नाही? पोटॅशियमचा आयन आकाराने मोठा असल्याने तो पाण्याचे वेष्टण सैल धरतो. ते टाकून तो मातीच्या थरांलगत नीट बसू शकतो. शिवाय खतातून घातलेले पोटॅशियम सोडियमच्या साठ्याच्या मानाने फारच थोडे असते.

एक ओळखीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी आले की घरात त्यात तुरटी फिरवितात. थोड्या वेळाने गाळ खाली बसतो. तुरटीत तीन धनभारांचा ॲल्युमिनियम असतो. तो मातीच्या कणांचा ऋणभार झाकतो, शिवाय पाण्यात त्याचे कापसासारखे पुंजके होऊन त्यांत गाळ अडकतो व तळाला जातो. भारी धनभाराचा आयन मातीच्या सुट्या कणांना एकत्र आणतो, ही गोष्ट आपल्या आजीला इलेक्ट्रॉनाचे नाव न घेताही ठाऊक होती.

जिप्समचे काम

जिप्सम म्हणजे पाण्यासह असलेले कॅल्शियम सल्फेट. शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २३ टक्के कॅल्शियम व १८.६ टक्के गंधक असते. एक लिटर पाण्यात ते जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. विरघळले की दोन धनभारांचा कॅल्शियम व दोन ऋणभारांचे सल्फेट असे आयन सुटे होतात.

कॅल्शियमचा एक आयन मातीच्या कणावरील सोडियमच्या दोन आयनांची जागा घेतो. भाराचा हिशेब जुळलाच पाहिजे, म्हणून एकास दोन. सुटलेले सोडियम आयन द्रावणात सल्फेटच्या सोबतीला येतात. सोडियम सल्फेट पाण्यात सहज विरघळते. आता हे पाणी मुळांच्या खाली व शेताबाहेर गेले तर काम फत्ते झाले.

आणि येथेच आमच्या त्या शेतकऱ्याचे जिप्सम वाया गेले होते. त्यांच्या शेताच्या तिन्ही बाजूंना उसाची भिजकी राने, पाण्याची पातळी वर आलेली आणि चर एकही नाही. कॅल्शियमने सोडियमला कणावरून उठविले खरे, पण जायला वाट नसल्याने तो तेथेच थांबला. उन्हाळ्यात पाणी केशाकर्षणाने वर चढले, उडून गेले आणि सोडियम पुन्हा वरच्या थरात येऊन बसला. घरातून काढलेला चोर अंगणातच बसवून ठेवला, तर तो रात्री पुन्हा आत येणारच. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम, मग पाणी हा क्रम कधीही उलटा करू नये.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. क्षार व सोडियम दोन्ही जास्त असलेल्या जमिनीत विपुल क्षारांमुळे मातीचे कण काही काळ एकत्र राहतात. अशी जमीन जिप्सम न घालता नुसत्या गोड्या पाण्याने धुतली, तर क्षार निघून जातात, सोडियम मात्र कणांवर राहतो आणि जमीन पहिल्यापेक्षा अधिक घट्ट होते. केवळ खारवट जमिनीस धुणे पुरते. चोपण किंवा खारवट-चोपण जमिनीस पुरत नाही.

अहवाल कसा वाचावा?

सर्वसाधारणपणे विद्युत वाहकता (मातीच्या संपृक्त अर्काची) ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी व विनिमययुक्त सोडियमचे शेकडा प्रमाण १५ पेक्षा कमी असल्यास जमीन खारवट समजावी. वाहकता ४ पेक्षा कमी, सामू ८.५ पेक्षा जास्त व सोडियमचे प्रमाण १५ पेक्षा जास्त असल्यास ती चोपण. वाहकता व सोडियम दोन्ही मर्यादेपेक्षा जास्त असल्यास खारवट-चोपण. काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत सोडियमचे प्रमाण १५ पर्यंत पोहोचण्याआधीच पाणी मुरणे मंदावते, म्हणून तेथे अधिक सावध राहावे.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून १२ बाबी असतात. त्यांत विनिमययुक्त सोडियम नाही. यास्तव सामू ८.५ च्या वर असेल, तर प्रयोगशाळेत विनिमययुक्त सोडियम, धन आयन विनिमय क्षमता व जिप्समची गरज यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी.

जिप्समचा हिशेब

समजा, आपल्या जमिनीची धन आयन विनिमय क्षमता दर १०० ग्रॅम मातीस ४० मिलिइक्विव्हॅलंट आहे. मिलिइक्विव्हॅलंट हे वजनाचे नव्हे, तर भार मोजण्याचे माप आहे. त्यांपैकी २० टक्के जागा सोडियमने व्यापल्या आहेत व त्या १० टक्क्यांवर आणावयाच्या आहेत. म्हणजे ४० च्या १० टक्के, अर्थात ४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढावयाचा आहे.

एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढण्यास ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२.४ लाख किलो धरल्यास, १०० ग्रॅम मातीमागे प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटसाठी हेक्टरी सुमारे १.९ टन, म्हणजे एकरी सुमारे ०.७७ टन जिप्सम लागेल. आपल्याला ४ काढावयाचे आहेत, म्हणून एकरी सुमारे ३.१ टन. जिप्सम ७० टक्केच शुद्ध असेल, तर ३.१ भागिले ०.७, म्हणजे सुमारे ४.४ टन घ्यावे लागेल. म्हणून खरेदी करताना शुद्धता अवश्य विचारावी.

हा हिशेब पद्धत समजण्यासाठी दिला आहे. आपल्या शेतासाठी प्रयोगशाळेने दिलेली मात्राच वापरावी आणि ती मोठी असल्यास एकाच वर्षी न टाकता हप्त्यांनी टाकावी.

चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम असूनही...

आपल्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडी असते. मग वेगळा कॅल्शियम कशाला, असा प्रश्न योग्यच आहे. चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेटशी घट्ट बांधलेला असतो व जास्त सामूच्या जमिनीत तो जवळजवळ विरघळत नाही. जो आयन सुटा होत नाही, तो विनिमयात भाग घेऊ शकत नाही. पेवात धान्य आहे, पण पेवाचे तोंड बंद आहे, अशी ही स्थिती. म्हणून चोपण जमिनीत चुना टाकणे निरुपयोगी ठरते.

हे तोंड उघडण्यासाठी आम्ल लागते. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत गंधकाची भुकटी टाकल्यास मातीतील जिवाणू तिचे गंधकाम्ल करतात. ते चुनखडीवर क्रिया करून शेतातच जिप्सम तयार करते. हिशेबाने एक टन गंधक सुमारे ५.४ टन जिप्समइतके काम करते. मात्र जिवाणूंना ओल, ऊब व काही आठवड्यांचा अवधी लागतो. शेणखत, तसेच ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत कुजताना निघणारा कर्ब वायू पाण्यात विरघळूनही थोडी चुनखडी विरघळते. धैंचा चोपणपणा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून सुधारणेच्या पहिल्या वर्षी तो अवश्य घ्यावा.

विहिरीच्या पाण्याकडे दुर्लक्ष नको

सिंचनाच्या पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट जास्त असल्यास ते मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियमला धरून चुनखडीच्या रूपाने खाली बसवितात. मागे सोडियम मोकळा राहतो व हळूहळू कणांवरील जागा बळकावतो. पाणी परीक्षण अहवालात याचे माप रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट या नावाने असते. ते लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी असल्यास पाणी चांगले, १.२५ ते २.५ असल्यास जपून वापरावे व २.५ पेक्षा जास्त असल्यास उपाययोजनेशिवाय वापरू नये. असे पाणी चालूच ठेवून जिप्सम टाकणे म्हणजे एका हाताने भरणे व दुसऱ्या हाताने उपसणे होय.

घरच्या घरी चाचणी

दोन स्वच्छ काचेचे पेले घ्या. दोन्हींत पावसाचे किंवा बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी भरा. विहिरीचे पाणी नको, कारण त्यात आधीच आयन असतात. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर जिप्समची भुकटी ढवळून तासभर ठेवा. मग शेतातील वाळलेली वाटाण्याएवढी ढेकळे प्रत्येक पेल्यात अलगद सोडा. ढवळू नका, हलवू नका.

दुसऱ्या दिवशी पाहा. ढेकूळ नुसते विस्कटले व पाणी नितळ राहिले, तर काळजी नाही. पहिल्या पेल्यात ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला आणि जिप्समच्या पेल्यात मात्र पाणी नितळ राहिले, तर आपल्या मातीत सोडियम वरचढ आहे व कॅल्शियमने ती सुधारू शकते, असे समजावे. जमिनीत क्षारही भरपूर असतील तर सोडियम असूनही ढग दिसणार नाही, म्हणून ही चाचणी माती परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पण तालुक्याला माती पाठविण्याआधी आपल्याच डोळ्यांनी आयनांचे काम पाहण्याचे हे बिनखर्चाचे साधन आहे.

सुधारणेचा क्रम

१) शेताच्या उताराप्रमाणे चर काढावेत. पाण्याची पातळी वर असल्यास शेजाऱ्यांसह एकत्रितपणे भूमिगत निचरा पद्धतीचा विचार करावा. एकट्याच्या शेतातील चराला पुढे वाट नसेल तर तो उपयोगी पडत नाही.

२) जमीन सपाट करून बांधबंदिस्ती करावी, म्हणजे पाणी सर्वत्र सारखे मुरेल.

३) माती परीक्षणाप्रमाणे बारीक जिप्सम उन्हाळ्याच्या अखेरीस सारखे पसरून वरच्या १५ सेंटिमीटर थरात मिसळावे. खोल नांगरटीने गाडू नये.

४) पावसाचे किंवा चांगल्या प्रतीचे पाणी वाफ्यात साठवून मुरू द्यावे. जिप्सम थोडे थोडेच विरघळते, म्हणून घाई करू नये.

५) धैंचा किंवा ताग फुलोऱ्यापूर्वी गाडावा. शेणखत भरपूर द्यावे.

६) नत्रासाठी शक्य तेथे अमोनियम सल्फेट वापरावे. जास्त सामूच्या जमिनीत वर टाकलेल्या युरियातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते.

७) हंगामानंतर माती पुन्हा तपासावी व पुढचा हप्ता ठरवावा.

त्या शेतकऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन ओढ्यापर्यंत चर काढला आणि उरलेले जिप्सम त्यानंतर टाकले. पहिल्या पावसानंतर चरातून वाहणारे पाणी त्यांनी जिभेला लावून पाहिले व मला निरोप धाडला, "सर, सोडियम चालला." शेत एका वर्षात सुधारले नाही. पण पाणी जेथे आठवडाभर उभे राहत असे, तेथे ते दोन दिवसांत मुरू लागले, आणि पैसा कोठे जातो हे त्यांना आता माहीत होते.

तेव्हा या उन्हाळ्यात जिप्समचे पोते फोडण्यापूर्वी शेताच्या कडेने एक फेरी मारा आणि सुटलेला सोडियम कोणत्या वाटेने बाहेर जाणार, ते आधी ठरवा.